तीन अक्षरांचा स्वेटशर्ट

मागच्या अंकात मी माझ्या सोरॉरिटीविषयी, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजात मुलींचं जे मंडळ असतं त्याविषयी, ओझरतं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. उत्तरं देणारी कोण, ते आधी सांगते. १९९१ मध्ये, दहा वर्षांची असताना, मी मिरजेहून ह्यूस्टनला आले. टेक्सासमध्येच फार्मसी शिकले आणि २००१ च्या वसंतात दक्षिण आशियाई मुलींच्या एका सोरॉरिटीची सभासद झाले. तिचं नाव इथे लिहीत नाही. ते लिहिलं की मी तिच्या वतीने बोलते आहे असं होतं, आणि तो अधिकार मला कुणी दिलेला नाही.

प्रश्न: ताई, माझी मोठी मुलगी २१ वर्षांची, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. थँक्सगिव्हिंगला घरी आली ती छातीवर तीन भलीमोठी ग्रीक अक्षरं शिवलेला स्वेटशर्ट घालून. दुसऱ्या दिवशी धाकटीने (वय १६) तोच अंगात चढवला आणि बाबांबरोबर किराणा आणायला गेली. ती परत आल्यावर मोठीने जो आरडाओरडा केला, तोही पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंसमोर! धाकटी रडून रडून झोपली. रात्री जेवताना बाबांनी मोठीला वाइन दिली, तर ही उठून आत गेली, स्वेटशर्ट काढून साधा टीशर्ट घालून आली आणि मगच ग्लास हातात घेतला. सासूबाई म्हणाल्या, "हे काय सोवळं आहे का गं?" मला उत्तर देता आलं नाही. एका कपड्यापायी बहिणीला रडवावं का?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: रडवू नये. तेवढं माझ्या नावावर सांगा तिला, आणि धाकटीची माफी मागायला लावा. पण तिचा जीव एवढा का वर आला, तेही समजून घ्या.

ती अक्षरं म्हणजे एक नाव आहे. १७७६ च्या डिसेंबरात व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काही विद्यार्थ्यांनी एक मंडळ काढलं, फाय बीटा कॅपा. एका ग्रीक वाक्यातल्या तीन शब्दांची ती आद्याक्षरं. ज्ञानाची ओढ हीच आयुष्याची कर्णधार, असा त्या वाक्याचा अर्थ. पुढे आलेल्या मंडळांनी हीच रीत उचलली: अक्षरं सगळ्यांना दिसतात, त्यांच्यामागचे शब्द मात्र अनेक ठिकाणी फक्त सभासदांना ठाऊक असतात. मुलींची मंडळं पुढच्या शतकातली. सुरुवातीला त्यांतली बरीचशी स्वतःला मुलांच्या मंडळांसारखं फ्रॅटर्निटीच (म्हणजे बंधुमंडळ) म्हणवत. १८७४ मध्ये सिराक्यूजला सुरू झालेल्या गॅमा फाय बीटाच्या मुलींना तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी 'सोरॉरिटी' हा शब्द सुचवला. लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण.

आपल्या मुलामुलींची पाळी यायला आणखी शतकभर जावं लागलं. १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर इथे आलेल्या कुटुंबांतली मुलं १९९० च्या दशकात कॉलेजात पोचली. १९९४ मध्ये बिंगहॅमटनला आयोटा न्यू डेल्टा ही मुलांची फ्रॅटर्निटी निघाली. १९९८ या एकाच वर्षात मुलींच्या तीन सोरॉरिटी उभ्या राहिल्या: ऑस्टिनला कॅपा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, न्यू यॉर्कच्या सेंट जॉन्समध्ये सिग्मा सिग्मा ऱ्हो. कॉलेजात ना पूर्ण गोऱ्यांच्यात जमायचं, ना घरी पूर्ण आईबाबांच्यात, अशा मुलींनी आपली जागा स्वतः बांधून घेतली. मी त्यांच्यातलीच एक होते, म्हणून हे जरा आवाज चढवून सांगते.

आमच्या 'लाइन'मध्ये सात जणी होतो. एकत्र सभासद होणाऱ्या मुलींच्या तुकडीला लाइन म्हणतात. एक गुजराती, दोन पंजाबी, एक तेलुगू, एक मल्याळी, एक कराचीची आणि मी. आठ आठवडे अभ्यास चालला आणि तोवर ती अक्षरं वहीच्या कोपऱ्यावरही काढायची आम्हाला मुभा नव्हती. ज्या रात्री 'क्रॉस' झालो, म्हणजे सभासद झालो, त्या रात्री माझ्या 'बिग'ने स्वतःच्या पैशांनी शिवून आणलेला स्वेटशर्ट माझ्या डोक्यातून घातला. मोठ्या बहिणीसारखी जी तुमची जबाबदारी घेते, ती बिग. खाली एका रंगाचं कापड, त्यावर थोडं लहान दुसऱ्या रंगाचं, कडेने दाट झिगझॅग टीप. मी रात्रभर तो काढला नाही.

तुमच्या मुलीच्या डोक्यात नेमकं काय आलं असेल, तर हे: दुकानात कुणीतरी धाकटीला विचारलं असतं, "तू कुठल्या चॅप्टरची?" (म्हणजे कुठल्या कॉलेजातल्या शाखेची) आणि तिला सांगता आलं नसतं. किंवा कुणी फोटो काढून टाकला असता. दोन्हीचा जाब मोठीलाच द्यावा लागला असता. सभासद नसलेल्याने लेटर्स, म्हणजे ही अक्षरं, घालायची नाहीत, हा नियम बहुतेक सगळीकडे आहे. सख्ख्या बहिणीला त्यातून सूट नाही.

वाइनचंही तसंच. लेटर्स अंगावर असताना दारू प्यायची नाही, भांडायचं नाही. चारचौघांत तुम्ही वाईट वागलात तर लोक तुमचं नाव विसरतात, अक्षरं लक्षात ठेवतात. आजींना सांगा की हे सोवळं नाही; याच्या जवळचं आपल्याकडे काही असेल तर ती तुळशीची माळ. माझे आजोबा माळकरी होते. गळ्यात माळ म्हणून मटण नाही, दारू नाही, खोटं बोलणं नाही. मी हे आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं, २००१ मध्येच. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण आजोबांनी माळ खुंटीला अडकवून मटण खाल्लं नाही कधी."

मी आठवडाभर त्यावर विचार करत होते. ती बरोबर होती. माळ माणूस स्वतःला बांधून घेण्यासाठी घालतो, म्हणून ती काढता येत नाही. लेटर्स मुख्यतः दुसऱ्यांचं नाव सांभाळण्यासाठी असतात, म्हणून काढता येतात. दोन्हींची पायरी एक नाही, आणि तशी ती आहे असं मी आता म्हणत नाही. पण एकविसाव्या वर्षी एखादी मुलगी आपल्या वागण्याचा डाग दुसऱ्या पन्नास जणींवर पडू नये म्हणून जेवणावरून उठते, याचं मला कौतुक वाटतं. तुम्हालाही वाटू द्या.

एक व्यवहारातली गोष्ट. अनेक सोरॉरिटींत आईसाठी आणि बहिणीसाठी वेगळे शर्ट मिळतात, नावाखाली 'मॉम' किंवा 'सिस्टर' लिहिलेले. धाकटीसाठी तसा चालतो का, ते मोठीला विचारा. आणि तो स्वेटशर्ट तुम्हीच धुणार असाल तर उलटा करून, थंड पाण्यात, आणि वाळवायचा दोरीवर. ड्रायरच्या उष्णतेने अक्षरांचे कोपरे उचलले जातात.

प्रश्न: ताई, मी पुण्याचा, सध्या मिडवेस्टमध्ये एमएस करतोय. पहिलीच थंडी. जुन्या कपड्यांच्या दुकानात आठ डॉलरला एक छान जाड जॅकेट मिळालं, गडद लाल. त्यावर क्रीम रंगात डेल्टा, सिग्मा, थीटा. मला वाटलं इंजिनिअरिंगच्या कुठल्यातरी विभागाचं असेल. लायब्ररीबाहेर एका कृष्णवर्णीय बाईंनी थांबवून विचारलं, "व्हेन डिड यू क्रॉस?" मी मागच्या रस्त्याकडे बघितलं आणि म्हणालो, आत्ताच. त्यांचा चेहरा असा काही झाला की मी नुसता "सॉरी" म्हणून निघून आलो. माझं काय चुकलं? आणि जॅकेटचं काय करू? दुसरं नाहीये माझ्याकडे.

उत्तर: तुला माहीत नव्हतं, यात तुझी चूक नाही. आता मात्र ते जॅकेट घालू नकोस, आणि का ते नीट वाच.

१९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि बाकीच्यांच्या मंडळांत त्यांना जागा नव्हती. त्यांच्यातल्या सात जणांनी अल्फा फाय अल्फा काढली. मार्टिन ल्यूथर किंग याच फ्रॅटर्निटीचे. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कॅपा अल्फा ही मुलींची संघटना सुरू झाली. कमला हॅरिस तिच्या सभासद. आणि तिथेच १३ जानेवारी १९१३ ला २२ मुलींनी डेल्टा सिग्मा थीटाची स्थापना केली. क्रिमझन आणि क्रीम हे तिचेच रंग, तुझ्या जॅकेटचे.

स्थापनेला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, ३ मार्च १९१३ ला, वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी मोठा मोर्चा निघाला. कृष्णवर्णीय बायकांनी मागे चालावं असा आयोजकांचा आग्रह होता. अशा मोर्चात या मुली आपलं नाव घेऊन चालल्या. एवढ्या किमतीने मिळवलेलं नाव आहे ते. अशा नऊ संघटना आहेत, १९३० पासून त्यांची एक सामाईक परिषद आहे, आणि त्यांच्यात सभासदत्व जन्मभराचं असतं. त्या बाईंनी तुला "कधी क्रॉस झालास" विचारलं ते तू कुठल्या साली सभासद झालास, या अर्थाने. मुलाच्या अंगावर बायकांच्या संघटनेचं जॅकेट दिसल्यावर त्यांना काय वाटलं असेल, ते आता तुला कळेल.

पुण्यातल्या जुन्या बाजारात एखाद्या सैनिकाचं पदक विकायला आलेलं दिसलं, तर तू ते घेशीलही, पण छातीवर लावशील का?

जॅकेट फेकू नकोस. बाहीवर आकडा आहे का बघ, पाठीवर नाव किंवा साल आहे का बघ. आकडा म्हणजे लाइनमधला तिचा क्रमांक, आणि पाठीवरचं नाव बहुतेकदा तिला लाइनमध्ये मिळालेलं. अशी जॅकेटं बायका सहसा देऊन टाकत नाहीत. कुणीतरी वारलं असेल आणि घर रिकामं करताना ते कपड्यांच्या ढिगात गेलं असेल. तुझ्या विद्यापीठात फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींचं काम बघणारं एक ऑफिस असेल. तिथे ते घेऊन जा, जे घडलं ते जसंच्या तसं सांग. ते त्यांच्या चॅप्टरपर्यंत पोचवतील, कदाचित मूळ मालकिणीच्या घरापर्यंतही. त्या बाई पुन्हा भेटल्या तर त्यांनाही सांग.

आणि थंडीचं: बऱ्याच विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी गरम कपडे फुकट देण्याची सोय असते. तुमच्या इंटरनॅशनल ऑफिसात विचार. लाजू नकोस, सगळेच घेतात.

प्रश्न: मुलीच्या गळ्यात एक नाजूक साखळी आली आहे. पदकात एकाखाली एक तीन ग्रीक अक्षरं. ती तिच्या सोरॉरिटीची नाहीत, मित्राच्या फ्रॅटर्निटीची आहेत, असं ती म्हणते. हा साखरपुडा समजायचा का? तिच्या मावशीने तर पेढ्यांचं विचारलं.
— नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर: पेढे थांबवा. याला लॅव्हलियर म्हणतात. मुलगा आपल्या मंडळाची अक्षरं मुलीच्या गळ्यात घालतो, म्हणजे आमचं पक्कं आहे असं त्याच्या भावांसमोर कबूल करतो. पूर्वी, गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत, आपला सभासदत्वाचा बिल्लाच मुलीला देण्याची पद्धत जोरात होती. लग्नाच्या आधीची पायरी समजत तिला. साखळी त्याच्याही आधीची पायरी. जमलं नाही तर साखळी परत करतात.

पण त्याने ती सहज म्हणून दिलेली नाही, आणि तिने सहज म्हणून घातलेली नाही. मुलाला एकदा जेवायला बोलवा.

प्रश्न: मावशी, मी १९ वर्षांचा आहे. राज्याचं नाव लिहू नका. क्रॉस होऊन चार महिने झाले. लेटर्सचा स्वेटशर्ट कपाटात आहे, मी तो एकदाच घातला, फोटोसाठी. त्याआधीच्या सहा आठवड्यांत जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. झोपू द्यायचे नाहीत. बाकीचं लिहीत नाही. आता नवीन मुलांची लाइन सुरू होतेय आणि मला त्यांचं 'एज्युकेशन' बघायला सांगितलंय. नाही म्हटलं तर मी भाऊ राहणार नाही. तो स्वेटशर्ट बघितला तरी मला मळमळतं. मी कमकुवत आहे का?

उत्तर: नाही, बाळा. तू कमकुवत नाहीस. पत्र लिहिलंस, हेच तुझ्या आजूबाजूच्यांना जमलेलं नाही.

मलाही एक गोष्ट सांगायची आहे. वर मी आठ आठवडे 'अभ्यास' लिहिलं. त्यात रात्री-रात्री भिंतीकडे तोंड करून उभं राहणं होतं. एक आठवडा लाइनबाहेर कुणाशीही न बोलणं होतं. मी आईचे फोन घेतले नाहीत आणि ती घाबरून तीन तास गाडी चालवून आली. मी तिला खोटं सांगितलं की परीक्षा आहे. मला तेव्हा वाटायचं, हेच प्रेम. पुढच्या वर्षी नव्या मुली माझ्या हाताखाली आल्या आणि मी त्यांना तसंच उभं केलं. चौथ्या आठवड्यात एक मुलगी निघून गेली. जाताना तिने माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. आज मी ४५ वर्षांची आहे आणि तिचा चेहरा मला लख्ख आठवतो. नंतर मी तिला शोधून पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, आणि तिने ते द्यायलाच हवं असं काही नाही.

म्हणून तुला सांगते, आयुष्यात इतक्या ठामपणे मी क्वचितच काही सांगितलं असेल: ती जबाबदारी घेऊ नकोस. तुझ्यावर जे झालं ते तुझ्यापाशी थांबू दे.

आता कायद्याचं. याला हेझिंग म्हणतात. बहुतेक राज्यांत तो गुन्हा आहे. माझ्या टेक्सासमध्ये तर 'मुलाची संमती होती' हा बचाव चालत नाही, आणि माहीत असून न कळवणं हाही गुन्हा ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवर कायदा झाला, त्याने कॉलेजांना अशा घटनांची नोंद ठेवून ती लोकांसमोर मांडणं बंधनकारक केलं. तुझ्या कॉलेजात डीन ऑफ स्टुडंट्सचं ऑफिस असेल. एकटा जाऊ नकोस. आईबाबांपैकी ज्यांच्याशी बोलणं सोपं जातं त्यांना आधी सांग, आजच. त्यांना धक्का बसेल, ते रागावतीलही, पण तो राग तुझ्यावर नसेल. झोप अजून लागत नसेल, किंवा जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर ९८८ हा मदतीचा नंबर दिवसरात्र चालू असतो. कॉलेजच्या समुपदेशकाकडेही जा. तिथे मदत मागायला आधी अमुकतमुक घडलेलं असावं लागत नाही.

आणि स्वेटशर्ट. तो घालायचं बंधन तुझ्यावर नाही. कुणी विचारलं तर कारण सांगायचंही नाही. काही जण अक्षरं उसवतात, काही जण परत देऊन टाकतात, काही जण अनेक वर्षांनी, ती जागा सुधारली असं स्वतः पाहिल्यावर, पुन्हा घालतात. मी उसवली नाहीत. पुढे दहा वर्षं मी त्याच चॅप्टरची सल्लागार राहिले आणि मुलींना रात्री झोपायला लावलं. तुला यातलं काही करावं लागेल असं नाही. मला पुन्हा लिही. संपादकांना तुझा पत्ता ठाऊक आहे, मी उत्तर थेट पाठवते आहे.

प्रश्न: मी ३६ वर्षांची, बे एरियात सॉफ्टवेअरमध्ये. घर बदलताना कॉलेजचा स्वेटशर्ट सापडला, देसी सोरॉरिटीचा. घालून कॉफी प्यायला बसले तर नवरा (तो नाशिकचा) म्हणाला, "शाळेचा गणवेशपण आहे का अजून?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मला लागलं. कॉलेज संपून १४ वर्षं झाली. ही अक्षरं आता घालणं पोरकट आहे का? गाडीच्या नंबरप्लेटला फ्रेम लावावी का? रेझ्युमेवर ठेवावं का? आणि माझी पाच वर्षांची मुलगी विचारते, आई, हे काय लिहिलंय?

उत्तर: पोरकट नाही. नवऱ्याला सांग, गणवेश शाळा देते, हा तू मिळवला आहेस.

कॉलेजनंतर काय घालायचं याच्या रीती ठिकाणागणिक वेगळ्या. जुन्या, गोऱ्या सोरॉरिटींत कॉलेजात रोज लेटर्स, पदवी झाली की ते शर्ट बहुतेक कपाटात जातात. उरतो तो छोटा बिल्ला, डाव्या बाजूला, हृदयावर, तोही नीटनेटक्या पोशाखावरच लावायचा. अनेक ठिकाणी तो बिल्ला तुमच्या मालकीचा नसतोच. तुम्हाला आयुष्यभर वापरायला दिलेला असतो. माणूस गेल्यावर परत करतात किंवा त्याच्यासोबत पुरतात. कृष्णवर्णीय सोरॉरिटींत उलट आहे. कॉलेज ही तिथे सुरुवात, खरं काम पदवीनंतरच्या चॅप्टरमध्ये चालतं. रविवारी चर्चहून आलेल्या सत्तरीच्या बाई आपले रंग घालून माझ्या दुकानातून औषधं घेऊन जातात.

त्यातल्या एक माझ्या नेहमीच्या. माझ्या किल्ल्यांना लेटर्सची एक छोटी पट्टी आहे, ती त्यांनी काउंटरवर बघितली. त्यांना अक्षरं ओळखता आली नाहीत, तरी ती कशाची असणार ते कळलं. त्यांनी स्वतःच्या कोटाची कड उलटी करून गुलाबी-हिरवी पिन दाखवली. म्हणाल्या, ५० वर्षांच्या वर झाली. तेव्हापासून दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या की आधी विचारतात, "तुझ्या मुली कशा आहेत?" माझा मुलगा आहे, मुली नाहीत. त्या चॅप्टरच्या मुलींविषयी विचारत असतात.

आपल्या देसी सोरॉरिटींची अशी रीत अजून ठरलेलीच नाही. १९९८ मध्ये ज्यांनी सुरू केलं त्या आत्ता कुठे पन्नाशीकडे चालल्यात. आपल्या आधी कुणी म्हातारी झालेली नाही गं. तू कॉफी प्यायला तो स्वेटशर्ट घालून बसलीस, म्हणजे रीत पाडायला घेतलीस.

नंबरप्लेटची फ्रेम लाव, फक्त मग गाडी नीट चालव. रेझ्युमेवर नुसतं सभासदत्व लिहू नकोस, काम लिही: खजिनदार होतीस का, किती जणींचा हिशोब सांभाळलास, कशासाठी पैसे गोळा केले. १४ वर्षांनंतर एक ओळ पुरे. मुलाखतीला लेटर्स नकोत. फार तर पिन, तीही तुझ्या संघटनेचे नियम बघून.

मुलीला सांग की हे माझ्या मैत्रिणींचं नाव आहे. पाच वर्षांच्या मुलीला तेवढं पुरतं.

आणि शर्टांचा ढीग साठला असेल तर एक सुचवते. इथे जुन्या टीशर्टांची रजई करून देणारे असतात, चौकोन कापून मशीनवर जोडतात. माझे २३ शर्ट होते. २०१२ मध्ये आईने ते बघितले आणि म्हणाली, पैसे कशाला देतेस, मी गोधडी शिवते. हीच आई, जिने २००१ मध्ये विचारलं होतं, "वर्गणी किती? आणि बहिणी विकत कशाला घ्यायच्या?" तिने आत आपल्या दोन जुन्या सुती साड्या घातल्या, मिरजेहून आणलेल्या, आणि चार महिने हाताने धावदोरा घातला. खेळाचे, कार्यक्रमांचे, पावसात भिजून विटलेले शर्ट तिने पायाकडे लावले. लेटर्सचे सगळे तुकडे वर, उशीकडे.

मी म्हटलं, आई, मधोमध छान दिसले असते.

"अक्षरांना पाय लागले असते."

मी म्हटलं, ती ग्रीक आहेत.

ती दोरा तोडत म्हणाली, "अक्षरंच ना?"

माझा मुलगा आता तीच गोधडी पांघरून झोपतो. तो सभासद नाही, आणि मुलगा म्हणून कधी होणारही नाही. हे नियमात बसतं का, ते मी आजवर कुणालाच विचारलेलं नाही.